बेळगावहून परदेशी शिकायला जायचंय? आधी कागद, मग विद्यापीठ

आमच्या खानापूर तालुक्यात पोरगी ‘बाहेर शिकते’ म्हटलं की लोक विचारतात, ‘पुण्यात की बेंगळूरात?’ मी जर्मनी म्हटलं की गावातल्या एका आजोबांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, ‘मग कागदपत्रं कुणी करून दिली?’ कोर्सबद्दल, खर्चाबद्दल काही न विचारता ते थेट कागदांवरच यायचे. आता पूर्ण प्रवास करून झाल्यावर वाटतं, सगळ्यांत नेमका प्रश्न त्यांचाच होता.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आणि सिव्हिलचं बी. ई. बेळगावात केलं, आणि सध्या जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात जलव्यवस्थापनात मास्टर्स करतेय. बी. ई. च्या दुसऱ्या वर्षापासून विमानात बसेपर्यंत अडीच वर्षं लागली. इंग्रजीची तयारी, अर्ज, निबंध हे सगळं मिळून त्यातले फार तर सात-आठ महिने. बाकीचा वेळ कागदांनी घेतला. सीमाभागातल्या माणसाचे कागद दोन राज्यांचे आणि तीन भाषांतले असतात. शाळेचा दाखला मराठीत, मार्क्स कार्ड कन्नड-इंग्रजीत, बाबांच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये, आजोळचा सातबारा चंदगडचा. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर असतो. पण सगळे एकाच टेबलावर मांडले की चार वेगवेगळ्या माणसांचे वाटतात, आणि परदेशातला अधिकारी तर ते टेबलावर मांडूनच बघतो.

हे लिहितेय ते आत्ता डिग्रीला असलेल्या आणि पुढे मास्टर्सला जाऊ पाहणाऱ्यांसाठी. डिग्री चालू असताना एखादं सेमिस्टर परदेशात करायचं असेल, तर आधी कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी लेखी करार आहे का ते विचारा आणि तिकडचे क्रेडिट्स इथे धरले जातील हे जाण्याआधी कागदावर घ्या. एमबीबीएसचा रस्ता वेगळा आहे. तिथे ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा पास असणं सक्तीचं, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा लागतो. त्या विषयात मी शिरत नाही. पुढची उदाहरणं बहुतेक जर्मनीची आहेत, कारण तो रस्ता मी स्वतः चाललेय.

१. दुसऱ्या वर्षात: सगळ्या कागदांवरचं नाव एक करा

एका सुट्टीच्या दिवशी घरातले सगळे कागद काढा: जन्म दाखला, दहावीचं मार्क्स कार्ड, पीयूसीचं मार्क्स कार्ड, आधार, पॅन, बँक पासबुक, कॉलेजचं ओळखपत्र. वहीत एकाखाली एक, प्रत्येक कागदावर इंग्रजीत जसं छापलंय तसं, अक्षरन् अक्षर नाव लिहून काढा.

समजा नाव स्नेहा मारुती पाटील. आपल्याकडे दहावीच्या कार्डावर ते ‘पाटील स्नेहा मारुती’ असं असू शकतं, पीयूसीला ‘स्नेहा एम पाटील’, आधारवर नुसतं ‘स्नेहा पाटील’. इथे कुणाचं काही अडत नाही, तिकडे अडतं. माझ्या दहावीच्या कार्डावर आडनाव पहिलं आणि बाबांचं नाव शेवटी होतं. तिकडच्या विद्यापीठाने शेवटचा शब्द आडनाव समजून बाबांच्या नावानेच माझं खातं उघडलं. पासपोर्टवर वेगळं आडनाव, विद्यार्थी कार्डावर वेगळं. ते दुरुस्त होईपर्यंत बँक खातं अडलं आणि पहिल्या महिन्याचं भाडं मैत्रिणीकडून उसनं घ्यावं लागलं.

म्हणून दहावीचं मार्क्स कार्ड मूळ धरा आणि बाकीचं त्याला जुळवा. दहावीच्या कार्डातच स्पेलिंग चुकलं असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत कर्नाटक परीक्षा मंडळाकडे अर्ज जातो. याला महिने लागतात, म्हणूनच दुसरं वर्ष म्हणतेय. विद्यापीठाच्या मार्क्स कार्डातली चूक कॉलेजच्या ऑफिसातून दुरुस्त होते, पण शेवटच्या सेमिस्टरआधी करा. डिग्री सर्टिफिकेट एकदा छापून आलं की तेच काम चौपट होतं.

नुसता आद्याक्षराचा फरक असेल, ‘एम’च्या जागी ‘मारुती’ एवढाच, तर ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

आणखी एक खास आपलं दुखणं. बेळगावचं अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. तुमचा जन्म त्याआधीचा, म्हणजे जन्म दाखल्यावर जुनं स्पेलिंग आणि पासपोर्टवर नवं. याला घाबरायचं कारण नाही. मी अर्जासोबत दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं, कुणी पुन्हा विचारलं नाही. मात्र आपल्या मनाने एका ठिकाणी जुनं आणि एका ठिकाणी नवं असं लिहू नका. फॉर्ममध्ये कायम पासपोर्टवरचंच लिहा.

२. पासपोर्ट

बेळगावच्या मुख्य पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, तिथे तारीख मिळाली नाही तर हुबळी. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. आडनावाचा रकाना आणि नावाचा रकाना वेगळा असतो, वरची गोष्ट इथेच निस्तरा.

फसगत होते ती पत्त्यात. गाव निपाणीकडचं, राहायला बेळगावात टिळकवाडीत खोली करून, आधारवर गावचा पत्ता. मग पोलीस चौकशीला माणूस एका ठिकाणी येतो आणि तुम्ही दुसऱ्या ठिकाणी. चंदगड-गडहिंग्लजहून बेळगावात शिकायला आलेल्यांनी तर आधीच ठरवावं: महाराष्ट्रातला पत्ता दिला तर पासपोर्ट पुणे कार्यालयाकडून होतो, बेळगावचा दिला तर बेंगळूरकडून. कोणताही द्या, पण त्या पत्त्याचा पुरावा हातात असू द्या आणि पुढे व्हिसालाही तोच पत्ता चालणार आहे का याचा विचार आत्ताच करा. कारण दहाव्या पायरीत येईल.

३. देश आणि कोर्स: तुमच्या डिग्रीवरून मागे चालत या

बहुतेक जण आधी देश ठरवतात, आत्येभाऊ कॅनडात आहे म्हणून कॅनडा. मला वाटतं आपली डिग्री कुठे चालते ते आधी बघावं.

बी. ई. वाल्यांना चार वर्षांची डिग्री म्हणून वाट मोकळी आहे. बी. एस्सी., बी. कॉम., बी. ए. वाल्यांनी मात्र वर्षं मोजावीत. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं शाळा-कॉलेज मिळून सोळा वर्षं मागतात. तीन वर्षांच्या डिग्रीवर घेणारी आहेत, पण शोधावी लागतात आणि काही ठिकाणी कॉलेजची नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) श्रेणी विचारतात. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची डिग्री सहसा चालते. कर्नाटकात २०२१-२२ ला चार वर्षांचा ऑनर्स सुरू झाला आणि २०२४-२५ पासून सरकारने पुन्हा तीन वर्षांवर आणलं. त्यामुळे तुमच्या दोन वर्षं पुढच्या ताईला जे चाललं ते तुम्हाला चालेलच असं नाही. आपल्या बॅचचा नियम कॉलेजकडून लेखी घ्या.

जर्मनीत गुणांचं गणित उलटं असतं. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास. बदलायचं सूत्र सोपं आहे. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा. उत्तराला, कमाल वजा उत्तीर्ण होण्याचे किमान गुण, या आकड्याने भागा. ३ ने गुणा, १ मिळवा. सीजीपीए ७.६, कमाल १०, किमान ४ धरले तर २.४ भागिले ६ म्हणजे ०.४, गुणिले ३ म्हणजे १.२, अधिक १, आले २.२.

आता एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. सीजीपीए ७ असेल आणि किमान ४ धरले तर उत्तर २.५ येतं, किमान ५ धरले तर २.८. कित्येक कोर्सची अट असते २.५ ची. म्हणजे ‘उत्तीर्ण व्हायला किमान किती’ या एका आकड्यावर प्रवेश हुकू शकतो. तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीतलं ते पान, व्हीटीयू (कर्नाटकातलं इंजिनीअरिंगचं विद्यापीठ) असो नाहीतर राणी चन्नम्मा विद्यापीठ, डाउनलोड करून अर्जासोबत जोडा. मार्क्स कार्डाच्या मागे छापलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. आपण पुढची बाजू स्कॅन करतो आणि मोकळे होतो.

दुसरं म्हणजे विषय. जर्मन विद्यापीठ नुसती डिग्री बघत नाही, डिग्रीत गणिताचे किती क्रेडिट, मेकॅनिक्सचे किती, हे मोजतं. माझ्याबरोबरच्या एकाला चांगले मार्क असून नकार आला, कारण हायड्रॉलिक्सचे क्रेडिट कमी भरले. म्हणून तिसऱ्या वर्षात इलेक्टिव्ह निवडताना मित्र कोणता घेतोय हे बघू नका. आवडलेल्या दोन-तीन कोर्सची अट उघडून समोर ठेवा आणि तिला जुळणारा विषय घ्या. हे डिग्री चालू असतानाच करता येतं, नंतर कुणालाच करता येत नाही.

४. वेळापत्रक

जर्मनीचं मोठं सत्र ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं. त्यावरून मागे मोजा.

दुसरं वर्ष: नावं, पासपोर्ट. तिसरं वर्ष: कोर्सची यादी, इलेक्टिव्ह, जर्मन भाषेची सुरुवात, बँकेत पहिली चौकशी. शेवटच्या वर्षाचा पहिला अर्धा भाग: आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), शिफारसपत्रं, निबंध. डिसेंबर ते मे: अर्ज. बऱ्याच कोर्सची शेवटची तारीख १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी मार्च किंवा मे मध्येच खिडकी बंद करणारी विद्यापीठंही पुष्कळ. प्रत्येक कोर्सच्या पानावर ‘युरोपबाहेरच्या अर्जदारांसाठी’ असं वेगळं लिहिलेलं असतं, तीच तारीख आपली.

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लांबला तर हे सगळं कोलमडतं. ऑफर लेटरमध्ये डिग्री कधीपर्यंत द्यायची ते लिहिलेलं असतं. निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेटचा अर्ज करा, पदवीदान समारंभाची वाट बघू नका.

५. इंग्रजी, आणि थोडं जर्मन

मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे विनाकारण भीती वाटते. मलाही वाटायची. आयईएलटीएसमध्ये उच्चार गोरा असावा लागत नाही. सलग दोन मिनिटं एका विषयावर बोलता यावं लागतं. मी रोज रात्री जेवताना दिवसभरातली एक गोष्ट बहिणीला इंग्रजीत सांगायचे, ती घड्याळ लावायची. तीन महिन्यांत जीभ सुटली. लिहिण्याच्या भागात मात्र कुणाकडून तरी तपासून घ्या, आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत.

फी १८,००० रुपयांच्या आसपास, निकाल दोन वर्षं चालतो. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला देऊन टाकू नका. ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं’ असं कॉलेजचं पत्र काही विद्यापीठांना पुरतं. पत्र घ्याच, पण त्याच्या भरवशावर परीक्षा टाळू नका.

कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मनची ए१, म्हणजे अगदी पहिली पातळी करून जा. गटे इन्स्टिट्यूट, म्हणजे मॅक्स म्यूलर भवन, पुण्यात आणि बेंगळूरात आहे. शिकणं ऑनलाइन होतं, परीक्षेला तेवढं जावं लागतं. डॉक्टर, घरमालक, बेकरी, कचऱ्याचे डबे, सगळं जर्मनमध्ये असतं. आपल्याला तर मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी एकाच बसमध्ये बोलायची सवय आहे, चौथी-पाचवी भाषा आपल्याला इतरांपेक्षा लवकर येते हे मी वर्गात बघितलंय.

६. ट्रान्सक्रिप्ट आणि एपीएस

व्हीटीयूचं मुख्यालय मच्छेजवळ ज्ञानसंगममध्ये आहे. मंगळूर-मैसूरची पोरं ज्यासाठी रात्रभर प्रवास करून येतात ते आपल्याला दारात आहे, याचा फायदा घ्या. ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्र कागदाच्या, निदान तीन सीलबंद प्रती एकदमच मागा.

१ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमची मार्क्स कार्डं खरी आहेत हे ते तपासतात. फी १८,००० रुपये. प्रमाणपत्र यायला कित्येक आठवडे जातात, आणि काही विद्यापीठं ते अर्जाच्या वेळीच मागतात. एखादं मार्क्स कार्ड हरवलं असेल, किंवा बॅकलॉग सुटल्यावरचं नवं कार्ड आणलंच नसेल, तर ते इथे उघडं पडतं. बॅकलॉग लपवू नका. बॅकलॉग असलेल्यांना प्रवेश मिळतात, लपवलेल्यांना मिळत नाहीत.

कन्नड किंवा मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. ते नोंदणीकृत भाषांतरकाराकडून, शिक्क्यानिशी करून घ्या. मी गावच्या शाळेचा दाखला स्वतःच भाषांतर करून जोडला होता, तो परत आला. आणि जर्मनीसाठी अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, या अर्जांना ते लागत नाही.

बरीच विद्यापीठं युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत अर्ज घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रासाठीच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. पंधरा ठिकाणी अर्ज टाकायची गरज नाही. अट नीट वाचून निवडलेले सहा-सात पुरतात.

७. पैसे

इथे जरा थांबून वाचा. आईबाबांनाही वाचून दाखवा.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त दर सेमिस्टरला काही शे युरोंपर्यंतची वर्गणी. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो घेतं. ‘जर्मनीत फुकट’ हे वाक्य ऐकलं की ‘कुठल्या राज्यात, कुठल्या विद्यापीठात’ हे विचारा.

खरा बोजा राहण्याचा. एक वर्षाचे ११,९०४ युरो तुमच्या नावाने ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात. तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. युरो १०० रुपये धरला तरी ही रक्कम १२ लाखांच्या घरात जाते. पैसे खर्च होत नाहीत, तुमचेच असतात, पण एकरकमी उभे करावे लागतात.

आमच्याकडे बाबांचं पहिलं वाक्य होतं, ‘शेत आहे की आपलं, तारण ठेवू.’ बँकेत गेल्यावर कळलं, शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून सहसा घेत नाहीत, बिगरशेती झालेली लागते. शिवाय आमचा उतारा चार भावांच्या नावावर. घर ठेवायचं म्हटलं तर ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या घराला ई-स्वत्तूचा (कर्नाटकातल्या ग्रामपंचायत मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ लागतो, तो नव्हताच. शेवटी बेळगावातल्या मामांनी त्यांचं घर तारण दिलं. त्या दिवशी बँकेबाहेर चहा पिताना बाबा मामांशी काहीच बोलू शकले नाहीत. हे कळायला आम्हाला चार महिने लागले. तुम्हाला लागू नयेत.

तर तिसऱ्या वर्षातच बँकेत जा आणि हे विचारा: तारण काय चालेल, ईसी (मालमत्तेवरच्या बोजांचा दाखला) किती वर्षांची हवी, बँकेचा वकील कोण, आणि सर्वांत महत्त्वाचं, ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम व्हिसाआधी सोडणार का. आमच्या शाखेत आधी ‘व्हिसा दाखवा, मग पैसे’ असं सांगितलं, आणि व्हिसाला तर आधी ब्लॉक्ड अकाउंट लागतो. यातून मार्ग निघतो, बँकेच्या वरच्या कार्यालयाकडून मंजुरीपत्रात तसं लिहून येतं, पण पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. मालमत्ता महाराष्ट्रातली आणि शाखा बेळगावची असेल तर दोन्हीकडचे कागद तपासण्यात दुप्पट वेळ धरा.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेची जाहिरात बघून बरेच जण येतात. ती भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर परदेशी पाठवले तर बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर तो लागत नाही.

शिष्यवृत्त्यांचं सांगते. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. पदवीला ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. आपल्या भागात या कुटुंबांतली कितीतरी हुशार पोरं आहेत आणि त्यांच्यापर्यंत हे पोचतच नाही, म्हणून ओळखीत कुणी असेल तर मुद्दाम सांगा. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींसाठी ‘प्रबुद्ध’ ही राज्याची योजना आहे. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे.

इथेच आपला मोठा घोळ होतो. महाराष्ट्र ज्यांवर दावा सांगतो त्या ८६५ गावांचा सीमाभागाचा दाखला महाराष्ट्रातल्या काही प्रवेशांना चालतो, म्हणून शिष्यवृत्तीलाही चालेल असं धरून बसू नका, त्या योजनेचा शासन निर्णय उघडून शब्द वाचा. जातीचा दाखलाही राज्याराज्याचा वेगळा. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो, महाराष्ट्रातली यादी निराळी. इथल्या नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) आणलेला दाखला कोल्हापुरात चालत नाही आणि तिकडचा इथे. अर्ज ज्या राज्याचा, दाखला त्या राज्याचा.

डाड या जर्मन संस्थेच्या शिष्यवृत्त्यांची नावं ऐकाल. त्यातली विकासविषयक कोर्सची लोकप्रिय योजना दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. ताज्या पदवीधरांनी तिच्यावर हिशोब बांधू नये.

८. निबंध आणि शिफारसपत्रं

एसओपी म्हणजे ‘मी हा कोर्स का करतेय’ याचा निबंध. नेटवरून उचललेला निबंध लगेच ओळखू येतो. आधी मराठीत लिहा. खरंच सांगते, मी पहिला मसुदा मराठीत लिहिला, तेव्हा कुठे मला काय म्हणायचंय ते कळलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या रस्त्यावरची मोरी वाहून गेली, गाव तुटलं. मलप्रभा कणकुंबीला आमच्याच तालुक्यात उगम पावते, तरी उन्हाळ्यात आम्ही पाण्याला फिरतो. एवढं लिहिलं आणि पुढचा निबंध आपोआप त्यातून निघाला. मेकॅनिकलच्या मुलाने उद्यमबागेतल्या फाउंड्रीत महिनाभर काम केलं असेल तर तिथे कास्टिंग का वाया जातं हे लिहावं. ‘लहानपणापासून मला मशीनची आवड’ हे हजारो जण लिहितात.

शिफारसपत्राला सर बहुधा म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ त्यांच्यावर कामाचा भार असतो, मी समजू शकते. पण दोन्ही पत्रं तुमच्याच शैलीत झाली तर कळतं. त्यापेक्षा सरांना एका पानावर मुद्दे द्या: कुठला विषय शिकवला, प्रोजेक्ट काय केला, त्यात अडचण काय आली आणि मी काय केलं. आणि पत्र कॉलेजच्या अधिकृत मेलवरूनच जाऊ द्या. काही विद्यापीठं खासगी जीमेलवरून आलेलं पत्र स्वीकारत नाहीत.

९. कन्सल्टन्सी

बेळगावात आता कन्सल्टन्सी बऱ्याच झाल्यात. सगळ्या वाईट नाहीत. पण ‘मोफत मार्गदर्शन’ म्हणतात तेव्हा पैसे कुठून येतात हे समजून घ्या: प्रवेश झाला की खासगी विद्यापीठ त्यांना कमिशन देतं. जर्मनीची सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत, त्यामुळे त्यांची नावं तिथे कमी ऐकू येतात. मला एका ठिकाणी सांगितलं होतं की माझ्या मार्कांवर सरकारी विद्यापीठ मिळणारच नाही. मी स्वतः अर्ज केले, तीन ठिकाणी मिळालं.

मदत घेतलीत तरी तीन गोष्टी सोडू नका. अर्जाचा मेल आणि पासवर्ड तुमचा असावा. मूळ मार्क्स कार्डं कुणाच्या कपाटात ठेवू नयेत. आणि खोटं अनुभवपत्र किंवा बँकेतली उसनी रक्कम दाखवू नये. ब्रिटनच्या व्हिसाला तर पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात, आदल्या दिवशी पाहुण्यांकडून आणून भरलेले चालत नाहीत.

१०. व्हिसा

जर्मनीचा व्हिसा तुम्ही राहता त्या राज्यावरून ठरतो. कर्नाटकातल्यांना बेंगळूर, महाराष्ट्रातल्यांना मुंबई. बेळगाव दोन्ही शहरांपासून जवळपास ५०० किलोमीटर, त्यामुळे मुंबईला काका आहेत म्हणून तिकडची तारीख घ्यावीशी वाटते. पत्ता कर्नाटकातला असेल तर घेऊ नका. दुसऱ्या पायरीत पत्त्याबद्दल एवढं सांगितलं ते यासाठी. अमेरिकेला तशी अट नाही. बेंगळूरात त्यांचं वाणिज्य दूतावास जानेवारी २०२५ मध्ये उघडलं, पण व्हिसाचं काम लगेच सुरू झालं नाही, म्हणून मुलाखतीची जागा तारीख घेताना नीट बघा.

फी ७५ युरो. एक बदल जरूर लक्षात ठेवा: १ जुलै २०२५ पासून जर्मनीने नकाराविरुद्ध दूतावासातच फेरविचार मागण्याची सोय बंद केली. नकार आला तर नवा अर्ज किंवा कोर्ट. त्यामुळे पहिलीच फाइल पूर्ण असली पाहिजे.

फाइलमध्ये या क्रमाने लावा:

– पासपोर्ट, फोटो, प्रवेशपत्र
– एपीएस प्रमाणपत्र
– दहावी, पीयूसी, सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं (दोन्ही बाजू), प्रोव्हिजनल डिग्री
– आयईएलटीएस, ए१ चं प्रमाणपत्र
– ब्लॉक्ड अकाउंटची पावती, कर्जाचं मंजुरीपत्र
– आरोग्य विमा
– एसओपी, बायोडाटा
– नावाचं प्रतिज्ञापत्र, भाषांतरं

बेंगळूरला रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर भेटीच्या आदल्या दिवशी पोचा. पावसाळ्यात गाड्यांना उशीर होतो, आणि व्हिसाचा हंगाम नेमका पावसाळ्यातच असतो.

११. निघताना

प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी तिकडच्या स्टुडंट हॉस्टेलला अर्ज टाका, व्हिसाची वाट बघू नका. रांग लांब असते. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाचा कागद लागतो. हा कागद मिळणार नसेल तर ती खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरचा हिशोब कामाच्या पगारावर बांधू नका.

इथलं सिमकार्ड बंद करू नका. रोमिंग चालू करून घ्या. बँक, आधार, कर्ज, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. कर्जाचा पुढचा हप्ता सोडवायला बँक सही मागते, तेव्हा तुम्ही इथे नसाल. म्हणून निघण्याआधी वडिलांच्या किंवा आईच्या नावे मुखत्यारपत्र करा. सगळ्या कागदांचा एक संच प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी ठेवा, स्कॅन केलेल्या प्रती त्यांच्या फोनमध्ये टाका आणि कुठला कागद कुठे आहे हे मराठीत एका पानावर लिहून द्या. आमच्या घरी ते पान अजून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेलं आहे. गेल्या महिन्यात बँकेने मागितलेला कागद बाबांनी मला न विचारता स्वतः काढून दिला.